दुसऱ्या रविवारचा तानपुरा

आप्पा चहाला कधी उठतात याची मी वाट बघत होतो.

साडेचार वाजून गेले होते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या कपाटाला पाठ टेकून ते सतरंजीवर बसले होते. तानपुरा उभा धरलेला, डावा कान दांडीला लावलेला, डोळे मिटलेले. बोटं तारांवरून फिरत होती. बराच वेळ तसं छेडून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"लागला. काय रे पुस्तक्या?"

"लागला," मी म्हणालो.

लागला नव्हता. मधल्या दोन तारा, ज्यांना जोड म्हणतात, त्या एका सुरात मिसळून गेल्या पाहिजेत. त्या मिसळत नव्हत्या. दोघींच्या मध्ये एक बारीक लहर उठत होती, पाण्यावर उठते तशी. फार नाही. केसाइतका फरक. पण ज्याला तो ऐकू येतो त्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

"मग मी बाळूकडे जाऊन येतो," आप्पा तानपुरा आडवा ठेवत म्हणाले. "तू येतोस?"

"नको. मासिकांचं कपाट लावायचंय."

"दर महिन्याला बरं तुझं कपाट लावायचं राहतं!" ते हसले आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. "पुस्तकांना वाळवी लागते तशी तुला पुस्तकं लागलीत."

ते रस्त्यापलीकडे बाळू कोष्ट्याच्या हॉटेलात जायचे, उभ्याने अर्धा कप चहा घ्यायचे आणि दहा-बारा मिनिटांत परत यायचे. ती दहा-बारा मिनिटं मला पुरायची. दार लोटून घ्यायचं, तानपुरा मांडीवर घ्यायचा, तारांमधले मणी गव्हाच्या दाण्याइतके वर-खाली सरकवायचे, घोडीवर तारांखाली असतात ते दोरे नीट बसवायचे आणि तानपुरा होता तसा ठेवून द्यायचा. फेब्रुवारीपासून मी हे करत होतो. कुणालाही माहीत नव्हतं.

हे सगळं नीट सांगायचं तर थोडं मागं जायला हवं. मला गोष्ट सांगता येते असं मला कधी वाटलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांवर क्रमांक घातले. पण सांगतो.

आमचं वडगेरी तालुक्याचं गाव. मी तिथल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला वाचनालयाच्या दिवाणखान्यात गाणं व्हायचं. डॉक्टर शिराळकरांनी ते सुरू केलं होतं. नाव काही नव्हतं. लोक नुसतं 'दुसरा रविवार' म्हणायचे. नियम एकच, माईक लावायचा नाही. गवयाचा जेवढा आवाज असेल तेवढाच. त्यामुळे गाणं सुरू झालं की डॉक्टर स्वतः उठून चारही पंखे बंद करायचे, आणि ऑक्टोबरच्या काहिलीतही पन्नास-साठ माणसं घामाने निथळत, वर्तमानपत्राच्या घडीनं आवाज न करता वारा घेत बसायची. पाहुणे म्हणायचे, अशी शांतता मोठ्या शहरातही मिळत नाही.

आणि ते तानपुऱ्याबद्दल म्हणायचे. आमचा तानपुरा मिरजेचा होता, पण नाव होतं ते आप्पांच्या हाताचं. आप्पा तारळेकर. बाजारपेठेत त्यांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं. गाता येत नव्हतं, पेटी येत नव्हती, पण कान असा की टेबलावर दहा घड्याळं टिकटिकत असली तरी त्यातलं कुठलं मागं पडतंय ते मान वर न करता सांगायचे. पाहुण्यांची पट्टी आधी पत्रानं कळवलेली असायची. आप्पा दुपारी येऊन तानपुरा लावायचे आणि संध्याकाळी गवयाच्या मागे बसून तोच वाजवायचे. वीस वर्षं. ती जागा त्यांची होती. गावात त्यांना 'तानपुरेवाले आप्पा' म्हणायचे, घड्याळवाले कुणी म्हणत नसे.

वीस वर्षं मी त्या दुपारी त्यांच्याजवळ बसायचो. सुरुवातीला तानपुरा धरायला कुणी तरी लागतं म्हणून, नंतर सवयीनं. मी एकटा राहणारा माणूस. लग्न झालं नाही. का झालं नाही ते सांगण्यासारखं काही नाही. आठवडाभर माझं बोलणं म्हणजे 'पुस्तक कधी परत करणार' आणि 'सही इथे करा'. तेही लोकांना दोनदा विचारावं लागायचं, इतका माझा आवाज लहान. महिन्यातली ती एक दुपार सोडली तर मला कुणी 'अरे' म्हणत नव्हतं.

फेब्रुवारीत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. आप्पा 'लागला' म्हणाले आणि तो लागला नव्हता. मला वाटलं, माझंच चुकत असेल. माझं नेहमीच चुकतं. ते चहाला गेल्यावर मी घाबरत घाबरत मणी जरासा सरकवला, आणि तारा एकदम एक झाल्या. त्या संध्याकाळी आप्पांना काही कळलं नाही. ज्यांना दहा घड्याळांतलं एक ऐकू यायचं त्यांना हा फरक ऐकू आला नव्हता.

मग बाकीचंही दिसायला लागलं. हाक मारली तर ते वळायचे नाहीत. समोरच्याच्या ओठांकडे बघायचे. दुकानात घड्याळ कानाशी धरून नको तितका वेळ बसायचे.

मी त्यांना सांगितलं नाही. सांगणार होतो. दर महिन्याला ठरवायचो.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी मला हळूच विचारलं होतं, "ग्रंथपाल, तुम्ही आप्पांजवळ बसता. सगळं ठीक आहे ना त्यांचं? परवा मी तीनदा हाक मारली."

"ठीक आहे," मी म्हणालो.

"नाही, नसेल तर सांगा. मिरजेचा एक माणूस दर महिन्याला यायला तयार आहे. आप्पांना आपण पुढच्या रांगेत मानानं बसवू."

"तानपुरा तर छान लागतोय की," मी म्हणालो.

"तेही खरंच," डॉक्टर म्हणाले आणि विषय संपला.

आता ऑक्टोबरातल्या त्या रविवारचं.

आप्पा रस्ता ओलांडताना खिडकीतून दिसले आणि मी दार लोटणार, तेवढ्यात पुढच्या कचेरीत फोन वाजायला लागला. वाजतच राहिला. डॉक्टर अजून आले नव्हते. मी धावत गेलो. पाहुण्या प्रमिलाबाई कागवाडे कोल्हापूरहून निघाल्या होत्या आणि त्यांची गाडी जयसिंगपूरजवळ बंद पडली होती. त्यांचा तबलजी कुठल्या तरी दुकानातून बोलत होता. दुसऱ्या गाडीची खटपट चालली आहे, उशीर होईल, रस्ता कसा, वाचनालय कुठे... मी सांगत होतो आणि त्याला ऐकू जात नव्हतं. "जरा मोठ्यानं बोला की हो!" तो ओरडत होता. मी नाक्यावरचं वळण चारदा सांगितलं. फोन ठेवून मागे आलो तेव्हा आप्पा परत आलेले होते आणि मिशीवरचा चहा पुसत होते.

"कुणाचा फोन?"

"बाईंना उशीर होणार."

"हं," ते म्हणाले. त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. "चल, उचल. बैठकीवर नेऊन ठेवू."

"आप्पा, एकदा बघायचा का परत?" मी म्हणालो. मला वाटतं म्हणालो. ते तोवर तानपुरा घेऊन दाराबाहेर पडले होते.

बाई सव्वासहाला आल्या. साठीच्या, ठेंगण्या, घामाघूम, रागावलेल्या. एरवी पाहुणे आधी मागच्या खोलीत बसतात, तानपुरा पाहून घेतात. बाई तडक बैठकीवर जाऊन बसल्या. "लोक ताटकळलेत, चहा नंतर," म्हणाल्या. मी लिहून दिलेली ओळख डॉक्टरांनी भरभर वाचली आणि पंखे बंद केले. आप्पा मागे बसले आणि त्यांनी तानपुरा छेडायला सुरुवात केली.

मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ होतो. तिथवर ती लहर स्पष्ट येत होती. दिवाणखान्यात इतकी शांतता होती की तिला लपायला जागाच नव्हती.

बाईंनी डोळे मिटले. उघडले. मान किंचित वाकडी केली.

"थांबवा," त्या म्हणाल्या.

तबला जुळवणारा तबलजी थांबला. तानपुरा चालूच राहिला. बाईंचं तोंड आमच्याकडे होतं, आप्पा त्यांच्या पाठीमागे.

"अहो, थांबवा म्हटलं!"

आप्पा वाजवत राहिले. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर नेहमीचं समाधान. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. डॉक्टर पंख्याच्या बटणांपाशी उभे होते ते आप्पांकडे बघत होते, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हा तानपुरा लावलाय कुणी?" बाईंचा आवाज चढला. "वडगेरीचा तानपुरा म्हणून एवढं ऐकून होते मी! जोड कुठाय जोड? दोन सवती बसवल्यात शेजारी-शेजारी!"

कुणीतरी हसलं. आप्पांनी डोळे उघडले. सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांना दिसलं, पण का ते कळेना. ते हसून मान डोलवत वाजवतच राहिले. त्यांना वाटलं असावं की आपली तारीफ चालली आहे.

आणखी एक क्षण गेला असता तर साठ माणसांना सगळं कळलं असतं.

"मी लावला," मी म्हणालो.

मी उभा राहिलो होतो. केव्हा राहिलो ते माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दिवाणखान्यात सगळ्यांसमोर बोललो होतो.

"कोण? मोठ्यानं बोला."

"मी. आज मी लावला. आप्पांना बरं नव्हतं."

"मग या इथं," बाई म्हणाल्या. "स्वतःचं केलेलं स्वतः निस्तरा."

मी माणसांच्या पायांतून वाट काढत गेलो. आप्पांसमोर बसलो आणि हात पुढे केला. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तानपुरा माझ्या हातात दिला.

इथे मी चुकलो. चाचपडायला हवं होतं. खुंट्या इकडे-तिकडे पिळायला हव्या होत्या, दहा मिनिटं लावायला हवी होती, शेवटी बाईंनीच वैतागून हातात घेतला असता. पण ते मला सुचलं नाही. तानपुरा मांडीवर आला आणि माझे हात त्यांच्या सवयीनं चालायला लागले. एक मणी वर, एक किंचित खाली. दोरा बोटानं जरा ओढला. छेडलं. पुन्हा एकदा मणी. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. तारा एक झाल्या आणि त्यांतून तो वरचा गंधार आपोआप बोलायला लागला, जो कुठल्याच तारेवर नसतो.

दिवाणखान्यातून 'आहा' निघालं.

"अगं बाई," प्रमिलाबाई म्हणाल्या. राग कुठल्या कुठे गेला होता. "एवढा हात आहे, मग मघाशी काय झोपेत लावलात होय हो?"

सगळे हसले. मी मान वर केली. आप्पा हसत नव्हते. त्यांना बाईंचं बोलणं ऐकू आलंच नव्हतं. ते माझ्या बोटांकडे बघत होते. घड्याळाच्या पोटातलं चाक कुठं अडलंय ते शोधताना बघायचे, तसे.

त्यांनी तानपुरा परत घेतला आणि गाणं संपेपर्यंत वाजवला. सव्वा दोन तास. बाई फार सुरेख गायल्या, असं सगळे म्हणाले.

लोक पांगल्यावर मी तानपुऱ्याला गवसणी घालून बाहेर आलो. आप्पा वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसले होते. मी एक पायरी खाली बसलो, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल.

"किती महिने?" त्यांनी विचारलं.

मी काही तरी म्हणालो.

"ऐकू येत नाही मला. तुला तर माहीतच आहे."

मी आठ बोटं दाखवली.

त्यांनी बोटं मोजावीत तसं बघितलं. "म्हणजे फेब्रुवारी."

मी मान हलवली.

"मार्चात ते धारवाडचे बुवा आले होते. गाणं झाल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली त्यांनी. म्हणाले, असा तानपुरा मागे असला की म्हातारा गळाही चालतो. आठवतं?"

आठवत होतं.

"मी घरी जाऊन हिला सांगितलं ते. दोनदा सांगितलं." त्यांनी पायरीवरची धूळ हातानं झटकली. "म्हणजे आठ महिने मी लावलेला तानपुरा वाजलाच नाही. आज वाजला. एकच दिवस. आणि आज तू उठून म्हणालास, मी लावला. ओठ वाचले मी तुझे."

"आप्पा, तुम्हाला लोकांसमोर..."

"दया आली तुला."

मी मान जोरात हलवली. नाही, नाही. पण जे सांगायचं होतं ते या घटकेपर्यंत मी स्वतःलाही कधी नीट सांगितलेलं नव्हतं.

"डॉक्टरांना ठाऊक होतं?"

"नाही."

"बरं," ते उठत म्हणाले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "चलतो, ग्रंथपालसाहेब."

वीस वर्षांत त्यांनी मला साहेब म्हटलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ते आले नाहीत. तब्येत बरी नाही असा डॉक्टरांकडे निरोप आला. डॉक्टरांनी मिरजेच्या माणसाला बोलावलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता घरचाच माणूस आहे की. तुम्हीच लावा." मी लावला आणि मागे बसून वाजवला. छान लागला, असं सगळे म्हणाले.

डिसेंबरात मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दार अर्धं उघडलं. "झोपलेत," म्हणाल्या. आतून रेडिओवरच्या बातम्या इतक्या मोठ्यानं येत होत्या की गल्लीच्या टोकाला ऐकू याव्यात. वहिनींनी मान खाली घातली. मी बरं म्हणून परत आलो.

जानेवारीत, गुरुवारच्या बाजारात ते मला दिसले. उन्हात उकिडवे बसून वांगी निवडत होते. पाठीमागून हाक मारून उपयोग नव्हता. मी जाऊन समोर उभा राहिलो.

"बोला," ते म्हणाले. हातातलं वांगं फिरवून बघत राहिले.

"आप्पा, मला सांगायचंय."

"काय?"

"ती दया नव्हती."

"काय म्हणता?" त्यांनी कानाला हात लावला. बाजाराचा गलका होता. शेजारी कोथिंबीरवाला ओरडत होता.

"दया नव्हती ती."

"ऐकू येत नाही हो."

ते वांगी पिशवीत टाकायला लागले. आता ते उठतील आणि जातील, आणि मी आणखी एक महिना ठरवत बसेन, हे मला दिसलं.

"आप्पा, दया नव्हती ती!" मी ओरडलो. "मला हौस होती! तानपुरा लावायची हौस होती मला! बुवांनी तुमच्या पाठीवर थाप मारली तेव्हा मला बरं वाटलं होतं! दर महिन्याला मी वाट बघायचो, तुम्ही कधी एकदा चहाला जाता! म्हणून सांगितलं नाही! सांगितलं असतं तर ती दहा मिनिटं गेली असती!"

कोथिंबीरवाला ओरडायचा थांबला. भाजीवालीनं तागडी खाली ठेवली. आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघत होते.

आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. सगळं ऐकू आलं होतं त्यांना. सावकाश, गुडघ्यावर हात देऊन ते उठले.

"मग मागायचास की रे," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. थकल्यासारखा होता. "वीस वर्षं शेजारी बसलास. एकदा मागायचास. दिला असता."

त्यांनी पिशवी उचलली आणि ते गर्दीतून घराच्या बाजूला चालायला लागले. मी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभा होतो. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. चार वर्षांनी गेले.

"अवो," भाजीवाली तेव्हा मला विचारत होती, "काय दिला असता म्हनले ते?"

"तानपुरा," मी म्हणालो.

माझा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. तिला ऐकू गेलं नाही. तिनं थोडा वेळ वाट बघितली, आणि मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.